अर्धस्फटिकी प्लास्टिकचे उष्णता संस्करण

प्लास्टिकची तयार वस्तू वितळबिंदूखालील तापमानाला ठरावीक काळ ठेवून सावकाश थंड करण्याची प्रक्रिया. तिला अनुशीतन असेही म्हणतात. पॉलिएथिलीन, पॉलिप्रोपिलीन, नायलॉन आणि पेट ही अर्धस्फटिकी प्लास्टिके होत.

रचना : या प्लास्टिकांत लांब रेणुसाखळ्यांचा काही भाग घड्या पडून सुमारे १० नॅनोमीटर जाडीच्या पापुद्र्यांत शिस्तीने बसतो, उरलेला भाग गुंत्यासारखा अस्फटिकी राहतो. घड्यांची ही कल्पना ब्रिस्टल विद्यापीठातील अँड्र्यू केलर यांनी १९५७ मध्ये पॉलिएथिलीनच्या स्फटिकांवरून मांडली. स्फटिकी भागामुळे ताठरपणा येतो, तर अस्फटिकी भागामुळे पदार्थ न तुटता लांबतो.

परिणाम : वितळलेले प्लास्टिक साच्याच्या थंड भिंतीला टेकताच गोठते. साखळ्यांना नीट बसायला वेळ मिळत नाही आणि वस्तूत ताण कोंडून राहतो. पुन्हा तापवल्यावर साखळ्या सरकतात, पापुद्रे जाड होतात आणि कोंडलेला ताण ओसरतो. घनता व ताठरपणा वाढतो, सततच्या भाराखाली होणारी संथ विकृती घटते; मात्र तुटण्यापूर्वीचे लांबणे आणि आघात सोसण्याची क्षमता बहुधा कमी होते.

उदाहरणे : पेट सुमारे ७०–८० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते, म्हणून साध्या बाटलीत उकळते पाणी ओतले की ती आकसते. गरम रस भरायच्या बाटल्या सुमारे १२०–१४० अंशांच्या तप्त साच्यात फुगवून क्षणभर तशाच धरतात. बाटलीचे अंग ताणले गेल्याने तेथील स्फटिक बारीक राहतात व ते पारदर्शक दिसते. गळा ताणला जात नाही. काही बाटल्यांत तो वेगळा तापवतात, तेव्हा त्यातील मोठ्या स्फटिकपुंजांवर प्रकाश विखुरतो आणि गळा दुधाळ पांढरा होतो.

कृत्रिम खुब्याच्या वाटीसाठी अतिउच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन वापरतात. किरणोत्सर्जनाचा मारा केल्यास त्याची झीज घटते, पण आत मुक्त मूलके उरतात आणि त्यांच्यामुळे पुढे ऑक्सिडीकरण होते. सुमारे १५० अंशांना पूर्ण वितळवल्यास मूलके नाहीशी होतात, पण स्फटिकता आणि थकव्याविरुद्धचे बल घटते. सुमारे १३० अंशांवर अनुशीतन केल्यास बल टिकते, पण काही मूलके मागे राहतात. दोन्ही लाभ एकाच तापमानाला मिळत नाहीत.

पद्धती : नायलॉन तप्त हवेत पिवळे पडते, म्हणून ते तेलात किंवा नायट्रोजनमध्ये तापवतात. जाड वस्तूंना वेळ जास्त लागतो. स्फटिकता वाढताना वस्तू आकसते, त्यामुळे अचूक मापाचे यंत्रकाम अनुशीतनानंतर करतात. अनुशीतनाचे तापमान वापरातील कमाल तापमानापेक्षा जास्त ठेवावे लागते. अन्यथा वस्तू प्रत्यक्ष कामात पुन्हा आकसते किंवा वाकडी होते.