रेडिओ-नियंत्रित रेसिंग गाड्यांची जुळवणी : भाराचे गणित आणि संयमाची कसोटी

हातातील रेडिओ-नियंत्रकाच्या इशाऱ्यावर धावणारी, जेमतेम दीड किलो वजनाची छोटी गाडी मातीच्या मार्गावर ताशी ५० किलोमीटरहून अधिक वेग गाठू शकते. विजेवर चालणाऱ्या, एक-दशांश आकाराच्या गाड्यांची शर्यत बहुधा पाच मिनिटांची असते. मोटर आणि बॅटरी यांच्यावर नियमांचे बंधन असल्याने स्पर्धकांच्या गाड्यांच्या ताकदीत फारसा फरक उरत नाही. फरक पडतो तो चार चाकांच्या जमिनीवरील पकडीत. ही पकड ज्या यंत्रणेच्या हाती असते, त्या सस्पेन्शनची जुळवणी कशी केली जाते आणि नवखे स्पर्धक त्यात नेमके कुठे चुकतात, याचा हा आढावा.

खेळण्यापासून शर्यतीच्या यंत्रापर्यंत

रेडिओ-नियंत्रित गाड्या १९६० च्या दशकात बाजारात आल्या. १९७० च्या दशकात जपान आणि अमेरिकेत या छंदाचा वेगाने प्रसार झाला. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ मध्ये पोर्श ९३४ या गाडीची एक-द्वादशांश आकाराची प्रतिकृती आणली. खडबडीत जमिनीवर धावणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत मोठे वळण आले ते १९८४ मध्ये. त्या वर्षी अमेरिकेच्या टीम असोसिएटेड या कंपनीने ‘आरसी १०’ ही बग्गी सादर केली. ॲल्युमिनियमचा सांगाडा, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आणि तेलाने भरलेले शॉक ॲब्सॉर्बर ही तिची वैशिष्ट्ये होती. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात या प्रकारातील पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि जे हॅल्सी यांनी याच गाडीवर विजेतेपद मिळवले. चाकांचे कोन, स्प्रिंग आणि तेल बदलून गाडीचा स्वभाव बदलता येतो, ही बाब या गाडीमुळे सामान्य छंदिकांपर्यंत पोहोचली.

पुढे २००० नंतरच्या दशकात ब्रशविरहित मोटर आणि लिथियम-पॉलिमर बॅटरी यांनी गाड्यांची ताकद कितीतरी वाढवली. ताकद वाढली, तसा ती जमिनीपर्यंत पोहोचवण्याचा प्रश्न अधिक बिकट झाला.

वळणातील ३०० ग्रॅम

जुळवणीचे सारे शास्त्र एका साध्या गणितावर उभे आहे. गाडीचे वजन १,५०० ग्रॅम, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ४ सेंटिमीटर उंच आणि डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर २० सेंटिमीटर आहे, असे समजू. वळणात या गाडीवर तिच्या वजनाइतकेच आडवे बल आले, तर आतील चाकांवरचा ३०० ग्रॅम भार बाहेरील चाकांवर जातो. सरळ मार्गावर प्रत्येक बाजूस ७५० ग्रॅम भार असतो. वळणात तो बाहेरच्या बाजूस १,०५० आणि आतल्या बाजूस ४५० ग्रॅम होतो.

स्प्रिंग कडक केल्याने हे ३०० ग्रॅम कमी होतात, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. हा भार कमी करण्याचे उपाय दोनच : गुरुत्वमध्य खाली आणणे किंवा चाकांमधील अंतर वाढवणे. स्प्रिंग ठरवतात ते एवढेच, की या ३०० ग्रॅमपैकी किती वाटा पुढच्या चाकांच्या जोडीने उचलायचा आणि किती मागच्या.

ही वाटणी महत्त्वाची ठरते, कारण रबराचा एक गुणधर्म. टायरवरचा भार दुप्पट केला, तरी त्याची पकड दुप्पट होत नाही; ती काहीशी कमीच वाढते. म्हणून ज्या जोडीत एका चाकावरून दुसऱ्या चाकावर अधिक भार सरकतो, त्या जोडीची एकूण पकड घटते. पुढचा भाग कडक केला, की पुढची पकड कमी होते आणि गाडी वळण्याऐवजी बाहेर सरकत जाते. मागचा भाग कडक केला, की मागची पकड कमी होते आणि शेपूट सटकते. एका टोकाला दिलेली पकड अनेकदा दुसऱ्या टोकाकडून घेतलेली असते, हे ध्यानात ठेवले की पुढील प्रत्येक बदलाचा अर्थ लागू लागतो.

गाडी लहान, खड्डे मात्र मोठे

छोटी गाडी म्हणजे मोठ्या गाडीची केवळ लहान प्रत नव्हे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी ४० सेंटिमीटर लांबीची बग्गी एका सेकंदात सुमारे १४ मीटर, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या ३५ पट अंतर कापते. त्याच वेगाने जाणारी चार मीटर लांबीची मोटारगाडी केवळ साडेतीन पट अंतर कापते. बग्गीच्या चाकाचा व्यास सुमारे ८ सेंटिमीटर असतो. त्यामुळे २ सेंटिमीटरचा दगड हा तिच्या दृष्टीने चाकाच्या पाव भागाएवढा अडथळा ठरतो. गुरुत्वाकर्षण मात्र लहान होत नाही. उडी मारलेली बग्गी मोठ्या गाडीच्याच त्वरणाने खाली येते. म्हणूनच या गाड्यांच्या चाकांना त्यांच्या आकाराच्या मानाने वर-खाली होण्यास पुष्कळ वाव दिलेला असतो आणि सस्पेन्शनला आपले काम सेकंदाच्या अगदी लहान अंशात उरकावे लागते.

स्प्रिंग आणि तेल

मऊ स्प्रिंग असलेले चाक खडबडीत जमिनीला चिकटून राहते. परंतु गाडी आदेशाला सावकाश प्रतिसाद देते आणि उडीनंतर तिचा तळ जमिनीवर आपटू शकतो. कडक स्प्रिंगमुळे प्रतिसाद चटकन मिळतो, पण उंचवट्यांवर चाके उसळतात. शॉक ज्या छिद्रात बसवला आहे ते छिद्र बदलूनही असाच परिणाम साधता येतो. वरचे टोक आत, गाडीच्या मध्याकडे घेऊन शॉक तिरपा केला, की सुरुवातीची हालचाल मऊ होते. तो उभा केला, की कडक होते.

स्प्रिंगने साठवलेली ऊर्जा शमवण्याचे काम शॉकमधील सिलिकॉन तेल करते. तेल पिस्टनच्या बारीक छिद्रांतून जाते. तेल घट्ट किंवा छिद्रे लहान असली, की हालचाल मंदावते. या दोहोंत एक सूक्ष्म भेद आहे. पिस्टन फार वेगाने दाबला गेला, तर लहान छिद्रांतून तेल पुरेसे जाऊ शकत नाही आणि शॉक क्षणभर जणू गोठतो. मोठ्या उडीनंतर जमिनीवर उतरताना हे उपयोगी पडते. लागोपाठच्या लहान उंचवट्यांवर मात्र त्यामुळेच चाके जमीन सोडतात. अशा मार्गावर मोठी छिद्रे आणि थोडे घट्ट तेल हा पर्याय निवडला जातो.

तेलावर हवामानाचाही परिणाम होतो. सकाळच्या गारव्यात उत्तम चालणारी गाडी दुपारच्या उन्हात डुलू लागली, तर तेल पातळ झाले असण्याची शक्यता मोठी असते. अनुभवी स्पर्धक अशा वेळी इतर कशालाही हात न लावता एक पायरी घट्ट तेल भरतात. शॉकमध्ये हवेचे बुडबुडे राहू न देणे आणि डावा-उजवा शॉक अगदी सारखा भरणे, ही त्याआधीची अट होय.

उंची आणि चाकांचा लोंब

जमिनीपासून सांगाड्याची उंची बॅटरीसह सर्व भाग बसवून मोजावी लागते. गाडी थोड्या उंचीवरून सोडून स्थिरावू द्यायची आणि मग माप घ्यायचे, अशी पद्धत आहे. मातीवरच्या बग्गीत ही उंची साधारण २० ते २५ मिलिमीटर असते; डांबरी किंवा गालिच्याच्या सपाट मार्गावर धावणाऱ्या गाडीत ती ५ मिलिमीटरच्या आसपास असते.

गाडी उचलल्यावर चाके किती खाली लोंबतात, यालाही महत्त्व आहे. मागच्या चाकांना अधिक लोंब दिला, तर ब्रेक लावताना मागचा भाग अधिक उचलला जातो, भार पुढे येतो आणि गाडी वळणात उत्सुकतेने शिरते. पुढचा लोंब कमी केला, तर वेग वाढवताना नाक फारसे उचलले जात नाही आणि पुढच्या चाकांचा ताबा टिकतो.

चाकांचे कोन

समोरून पाहता चाकाचा वरचा भाग आत झुकलेला असेल, तर त्यास ऋण कॅम्बर म्हणतात. वळणात गाडी कलते तेव्हा बाहेरचे चाक जमिनीवर पूर्ण टेकावे, हा त्याचा हेतू. सामान्यतः एक ते दोन अंश पुरतात. कोन योग्य आहे की नाही, याची साक्ष टायरच देतो. तो रुंदीभर सारखा झिजायला हवा.

वरून पाहता चाकांची पुढची टोके आत वळलेली असतील तर ती टो-इन, बाहेर वळलेली असतील तर टो-आउट. पुढे किंचित टो-आउट दिल्यास गाडी वळणाच्या सुरुवातीस चपळ होते. मागील चाकांना मात्र आत वळवलेलेच ठेवतात. बग्गीत हा कोन बहुधा तीन अंशांच्या जवळ असतो आणि वेग वाढवताना शेपूट स्थिर ठेवतो.

पुढच्या चाकांच्या फिरण्याचा अक्ष मागे किती कलला आहे, हे कॅस्टर सांगतो. दोन चाकांना गती मिळणाऱ्या बग्गीत तो साधारण २५ ते ३० अंश असतो. सपाट मार्गावरील गाडीत चार ते सहा अंश. कॅस्टर वाढवल्यास सरळ मार्गावर गाडी अधिक स्थिर राहते. कमी केल्यास वळणात चटकन शिरते.

कलण्यावर लगाम

डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी पातळ तार, म्हणजे अँटी-रोल बार, गाडीचे कलणे रोखते. ती जितकी जाड, तितकी त्या टोकाची पकड कमी. खडबडीत मार्गावर एका चाकाचा धक्का ती दुसऱ्या चाकाला देते, म्हणून तिथे ती काढून ठेवणेच श्रेयस्कर ठरते. याउलट गालिच्यावर पकड एवढी जास्त असते, की गाडी वळणात उलटू शकते. तिथे गुरुत्वमध्य खाली आणणे, सस्पेन्शन कडक करणे आणि प्रसंगी टायरच्या बाजूच्या भिंतीवर गोंदाचा थर देऊन पकड घटवणे, असे उलटे उपाय करावे लागतात. अशा भरपूर पकडीच्या मार्गांसाठीच बग्गीतील मोटर मागच्या आसाच्या मागून पुढे, गाडीच्या मध्याकडे सरकली.

एका वेळी एकच बदल

बदल करण्याजोग्या जागा इतक्या असल्याने नवखा स्पर्धक एका फेरीत चार गोष्टी बदलतो. गाडी सुधारली तर कशामुळे, आणि बिघडली तर कशामुळे, हे त्याला कधीच कळत नाही. मग महागडे सुटे भाग येतात आणि छंद सोडून देण्याची वेळ येते. हे टाळण्यासाठी अनुभवी मंडळी पुढील क्रम पाळतात.

१. आधी टायर. त्या जमिनीला योग्य रबर आणि योग्य नक्षी नसेल, तर कोणतीही स्प्रिंग ती उणीव भरून काढू शकत नाही.

२. नंतर यांत्रिक तपासणी. वाकलेली दांडी, अडकणारा सांधा, गळका शॉक यांचा शोध घ्यावा. गाडीचे नाक अगदी मध्यावर धारदार वस्तूने सावकाश उचलावे. दोन्ही चाके एकाच क्षणी जमीन सोडतात का, ते पाहावे. एक चाक आधी उचलले गेले, तर दोन्ही बाजूंवर भार सारखा नाही. अशी गाडी एका बाजूच्या वळणात एक आणि दुसऱ्या बाजूच्या वळणात वेगळेच वागते.

३. निर्मात्याने पुस्तिकेत दिलेली मूळ जुळवणी हा प्रारंभबिंदू मानावा.

४. दोष वळणाच्या कोणत्या टप्प्यात जाणवतो हे ठरवावे : शिरताना, मध्यावर की बाहेर पडताना.

५. एकच बदल करावा, आणि तो जाणवेल एवढा ठळक असावा. नंतर सलग अनेक फेऱ्यांची सरासरी वेळ पाहावी. एखादी विक्रमी फेरी फसवी असू शकते.

६. प्रत्येक बदल हवामान आणि जमिनीच्या स्थितीसह वहीत नोंदवावा. उपयोग झाला नाही, तर मूळ जागी परतावे.

या क्रमात एक कठोर सत्यही दडलेले आहे. सर्वात वेगवान एका फेरीसाठी जुळवलेली गाडी अनेकदा चालवण्यास अवघड असते. पाच मिनिटांच्या शर्यतीत एकदा उलटल्यास जाणारे काही सेकंद फेरीमागे वाचवलेल्या सेकंदाच्या दशांशाने भरून निघत नाहीत. म्हणून चालकाला विश्वास देणारी, चुका पोटात घालणारी गाडीच अखेरीस पुढे राहते. पाना हाती घेण्यापूर्वी दोष गाडीचा आहे की आपल्या हाताचा, हा प्रश्न ज्याने स्वतःला विचारला, त्याची निम्मी जुळवणी तिथेच पूर्ण होते.