उसाच्या फडातून आलेला चित्रकार : विफ्रेदो लाम

युरोपच्या कलेतिहासात विफ्रेदो लामची बोळवण बहुधा दोन ओळींत होते : क्यूबाचा अतिवास्तववादी चित्रकार, पिकासोच्या प्रभावाखालचा, वडील चिनी, आई आफ्रिकी-स्पॅनिश वंशाची. ही माहिती खोटी नाही. पण ती वाचताना मिश्र रक्त हा जणू निसर्गाचा एक गमतीदार अपघात वाटतो. हे रक्त कोणत्या व्यवस्थेत मिसळले, हा प्रश्न मात्र विचारला जात नाही. लामची चित्रे समजून घ्यायची तर तोच प्रश्न आधी विचारला पाहिजे.

क्यूबा हे साखरेचे बेट. ऊस लावायला, तोडायला आणि गाळायला तेथील मळेवाल्यांनी आफ्रिकेतून माणसे विकत आणली. गुलामांचा व्यापार अडचणीत येऊ लागला, तेव्हा १८४७ ते १८७४ या काळात सुमारे सव्वा लाख चिनी मजूर कराराने बांधून आणले. क्यूबातील गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८६ साली. त्यानंतर अवघ्या १६ वर्षांनी, ८ डिसेंबर १९०२ रोजी, साग्वा ला ग्रांदे या ऊसपट्ट्यातील गावी लाम जन्मला. वडील लाम-याम कँटनकडून आलेले. आई आना सेराफिना हिच्या घराण्यात आफ्रिकी गुलामांचे रक्त होते आणि स्पॅनिशांचेही. तीन खंड एका घरात आले, ते साखरेच्या ओढीने.

त्याची धर्ममाता मान्तोनिका विल्सन ही सान्तेरिया पंथाची पुजारीण होती. मालकांच्या कॅथॉलिक संतांच्या आड गुलामांनी आपले देव जिवंत ठेवले, त्यातून हा पंथ वाढला. लामने त्याची दीक्षा मात्र कधी घेतली नाही.

१९२३ साली गावच्या नगरपालिकेने दिलेल्या शिष्यवृत्तीवर तो स्पेनला गेला आणि माद्रिदमध्ये प्रस्थापित चित्रविद्या शिकला. १९३१ साली क्षयाने त्याची पत्नी आणि तान्हा मुलगा दोघेही गेले. १९३६ मध्ये यादवी युद्ध पेटले, तेव्हा तो प्रजासत्ताकाच्या बाजूने उभा राहिला. दारूगोळ्याच्या कारखान्यात काम करताना रसायनांनी त्याची प्रकृती खालावली. १९३८ साली तो पॅरिसला पोहोचला.

तेथे पिकासोने त्याला जवळ केले आणि मिशेल लेरिस या अभ्यासकाने आफ्रिकी शिल्पांचा परिचय करून दिला. यातली विसंगती लक्षात घेतली पाहिजे. ज्या देवांच्या सावलीत लाम वाढला, त्यांच्याच मुलखातली शिल्पे त्याला पॅरिसमध्ये एका गोऱ्या माणसाकडून समजून घ्यावी लागली. युरोपला हे मुखवटे नव्या आकारांची खाण वाटत होते. लामला त्यात आपले घर दिसले.

नाझी फौजा पॅरिसमध्ये शिरल्यावर तो मार्सेयला आला. १९४१ च्या मार्चमध्ये आंद्रे ब्रेताँ, क्लोद लेव्ही-स्त्रोस यांच्यासह तो निर्वासितांच्या जहाजावर चढला. मार्तिनिक बेटावर अधिकाऱ्यांनी या प्रवाशांना स्थानबद्ध केले. तेथेच त्याला एमे सेझेर हा काळा कवी भेटला. मायभूमीकडे परतण्याविषयीच्या त्याच्या दीर्घकाव्याची स्पॅनिश आवृत्ती १९४३ साली हवानात निघाली, ती लामच्या रेखाटनांसह.

१८ वर्षांनी लाम मायदेशी परतला. काळ्या माणसाचे दैन्य होते तसेच होते. वर त्याचे नृत्य-संगीत पर्यटकांच्या करमणुकीसाठी विकले जात होते. हा अपमान त्याला सहन झाला नाही. १९४२-४३ मध्ये त्याने 'जंगल' हे चित्र रंगवले. कागदावर काढून कॅनव्हासवर चिकटवलेले हे चित्र जवळजवळ ८ फूट उंच आहे. उसाच्या दाट कांड्यांतून चार आकृत्या पुढे येतात. चेहरे मुखवट्यांचे, चंद्रकोरीसारखे, हातपाय प्रचंड. एका हातात कात्री आहे. नाव जंगलाचे असले तरी ऊस जंगलात उगवत नाही. तो माणसाच्या हातांनी लावलेला, माणसाच्या हातांनी तोडलेला असतो. या फडात राबून मेलेली माणसेच जणू परत येऊन पाहणाऱ्यासमोर उभी ठाकली आहेत.

येथे दोन आक्षेप संभवतात. एक, ही शैली युरोपची उसनवारी आहे. दुसरा, हे जुन्या देवदेवस्कीकडे परतणे आहे. दोन्ही टिकत नाहीत. अतिवास्तववाद्यांनी स्वप्नाचा शोध माणसाच्या मनात घेतला. लामने तेच हत्यार घेऊन आपल्या लोकांचा दडपलेला इतिहास उकरला. आणि दीक्षा न घेतलेल्या या माणसाने देव रंगवले, ते पूजेसाठी नव्हे. शोषकांची झोप उडवणे हा आपला हेतू असल्याचे त्याने स्वतःच सांगितले आहे.

न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने हे चित्र १९४५ साली विकत घेतले. पुढे कित्येक वर्षे ते लावले होते कोट ठेवण्याच्या खोलीजवळच्या मार्गिकेत! आफ्रिकी मुखवटे वापरलेले पिकासोचे १९०७ चे चित्र मात्र त्याच संग्रहालयात मानाच्या दालनात होते. ११ सप्टेंबर १९८२ रोजी लाम पॅरिसमध्ये वारला. १९८८ साली जॉन याऊ या चिनी वंशाच्या अमेरिकन कवी-समीक्षकाने या जागेवर जाहीर बोट ठेवले. त्याच संग्रहालयाने लामच्या समग्र कार्याचे मोठे प्रदर्शन भरवले, ते २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये.

चित्र विकत घेतल्यापासून या प्रदर्शनापर्यंत ८० वर्षे गेली. चित्र तेच होते. ते विकत घेणाऱ्यांना त्याचे मोल ठाऊक होते. त्याला जागा कोणती द्यायची, एवढाच प्रश्न होता. कलेच्या मूल्यमापनाला शुद्ध, निरपेक्ष म्हणणाऱ्यांनी या ८० वर्षांचा हिशेब दिला पाहिजे.