ॲन फ्रँकचं आयोवाला गेलेलं पत्र

ॲन फ्रँक म्हटलं की डायरी आठवते. आज मी बोलणार आहे तिच्या एका पत्राबद्दल. डायरीच्या दोन वर्षं आधीच्या.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डॅनव्हिल नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या शिक्षिका बर्डी मॅथ्यूज मुलांना परदेशी पत्रमित्र मिळवून देत. वानिटा वॅग्नरच्या वाट्याला ॲमस्टरडॅमची ॲन आली, तर तिची बहीण बेटी ॲन हिच्या वाट्याला मार्गो, म्हणजे ॲनची थोरली बहीण.

ॲनचं उत्तर २९ एप्रिल १९४० चं. वय १०. काय लिहिलं? आमची शाळा माँटेसरी पद्धतीची, तासांचं बंधन नाही. मी पोस्टकार्डं जमवते, ८०० च्या आसपास झालीत. तुझा वाढदिवस कधी असतो? युद्धाचं नावही नाही. १४ वर्षांच्या मार्गोने मात्र लिहिलं, की जर्मनी शेजारी, देश लहान, सुरक्षित असं कधी वाटतच नाही.

अकराव्या दिवशी, १० मे रोजी, जर्मन फौजा हॉलंडमध्ये घुसल्या. वॅग्नर बहिणींनी उत्तर पाठवलं होतं, पण पुढे काहीच आलं नाही. आपल्या मैत्रिणी ज्यू आहेत हेही त्यांना माहीत नव्हतं. युद्ध संपल्यावर बेटी ॲनने पुन्हा पत्र टाकलं. या वेळी उत्तर आलं, मुलींच्या वडिलांचं. ऑटो फ्रँक यांनी सगळं कळवलं होतं.

डायरीतली ॲन लपून राहणारी आहे. या पत्रातली ॲन शाळेत जाते. म्हणून मला हे पत्रही तितकंच मोलाचं वाटतं.