पोत्याच्या फेऱ्या

स्कॉटलंडमधल्या डंडी बंदरात एकोणिसाव्या शतकात दोन माल उतरत: बंगालचा ताग आणि देवमाशाचं तेल. कोरडा ताग यंत्रावर ताठ राहतो, तुटतो. तेल-पाण्यात मुरवला की मऊ पडतो आणि कातता येतो, हे तिथल्या गिरण्यांना 1830च्या दशकात साधलं. आज निसर्गस्नेही म्हणून मिरवणाऱ्या पोत्याची पहिली गिरणी अशी देवमाशांच्या शिकारीवर चालली.

त्याआधी बंगालचे विणकर हातमागावर गोणपाट विणत होतेच. क्रिमियाच्या युद्धात रशियाकडून ब्रिटनला जाणारा जवसाचा धागा अडला आणि तागाचं महत्त्व वाढलं. 1855 साली हुगळीकाठी रिश्रा इथे जॉर्ज अ‍ॅकलंडनं भारतातली पहिली ताग गिरणी काढली. पुढे पहिल्या महायुद्धात खंदकांपुढे रचलेली वाळूची पोतीही कोलकात्याहून गेली. 1947च्या फाळणीत गिरण्या इकडे राहिल्या, तागाची बरीचशी शेतं तिकडे.

पण या पोत्याचा मोठा गुण मला त्याच्या धाग्यापेक्षा त्याच्या फेऱ्यांत दिसतो. धान्य संपलं की वाणी रिकामं बारदान विकायचा. उसवलेलं दाभण-सुतळीनं शिवलं जायचं, भोकाला ठिगळ लागायचं आणि पोतं पुन्हा बाजारात. अगदीच जुनं झालं की पावसात डोक्यावरची खोळ, नाहीतर उंबऱ्याशी पायपुसणं. रिकाम्या पोत्याला भाव होता, म्हणून ते परत फिरत होतं.

मग विणलेल्या प्लास्टिकची गोणी आली. हलकी, स्वस्त, तिला तूसही नाही. साखरेत तागाचे तंतू सापडतात ही साखर कारखान्यांची तक्रार खरीच होती. पण ही गोणी उन्हात पडून राहिली की तिचे धागे विरतात आणि चुरा मातीत मिसळतो. 1987 साली केंद्रानं ठरावीक माल तागातच भरण्याची सक्ती करणारा कायदा केला. त्याचा हेतू ताग पिकवणारा शेतकरी आणि गिरणी कामगार जगवण्याचा होता. सिमेंट आणि खत पुढे त्यातून सुटलं. धान्य राहिलं, साखरेचा वाटा मात्र घटत गेला. पोतं कशाचं असावं हे कायद्यानं सांगितलं, ते किती वेळा वापरावं याबद्दल सक्ती केली नाही. मला ही मोठी उणीव वाटते.

दरम्यान तेलाची गोष्ट पुढे सरकली होती. देवमाशाच्या तेलाची जागा खनिज तेलानं घेतली आणि त्याचा अंश पोत्यातल्या कॉफी-कोकोत उतरू लागला. खरेदीदारांनी हरकत घेतली, तेव्हा 1998 साली अन्नासाठीच्या पोत्यांचं आंतरराष्ट्रीय मानक ठरलं आणि गिरण्या त्या पोत्यांसाठी वनस्पती तेलाकडे वळल्या. शेवटच्या गिऱ्हाइकाच्या मागणीनं पहिल्या टप्प्यावरची रीत बदलली. तागाचे भारे मात्र बहुतेक ठिकाणी अजूनही दोन-तीन आठवडे साचलेल्या पाण्यात कुजवले जातात. तिथून मिथेन निघतो, पाणी नासतं. मालाबरोबर पर्यावरणाचा हिशेब मागणाऱ्या कंपन्यांनी त्या डबक्यापर्यंत जायला हवं.

2020च्या टाळेबंदीत गिरण्या थांबल्या आणि गव्हाची खरेदी तोंडावर आली. तेव्हा सरकारनं प्लास्टिकच्या गोण्यांना मुभा दिली, आणि एकदा वापरलेली तागाची पोतीही पुन्हा चालतील असं सांगितलं. नव्या पोत्यांचा पुरवठा सुरळीत असतानाही ही दुसरी मुभा खरेदीच्या करारात लिहिता येईल. सोबत रिकाम्या पोत्याचा भावही लिहावा लागेल.