अपघातात दुसऱ्याच्या चुकीनं जखमी झालात? भरपाईचा दावा कसा करायचा, कोणते कागद सांभाळायचे

गळीत हंगाम सुरू झाला की रात्री रस्त्याच्या कडेला उसाच्या ट्रॉल्या उभ्या असतात. मागं रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही. मोटारसायकलवाला मागून धडकतो. दुसऱ्या दिवशी गावात बैठक बसते, ट्रॅक्टरवाला वीस-पंचवीस हजार देतो, 'आपसात मिटलं' असा कागद होतो आणि पाय मोडलेला माणूस घरी बसतो. ट्रॅक्टरचा विमा चालू असेल तर भरपाई साधारणपणे विमा कंपनीला द्यावी लागते, मालकाच्या खिशाला हात लागत नाही. म्हणजे गावकी सांभाळूनही दावा करता येतो, पण हे सांगूनही लोकांना पटत नाही.

दाव्याचं खरं काम पहिल्या दोन दिवसांतच होतं. दवाखान्यात नाव घालताना 'घसरून पडला' असं अजिबात सांगू नका. पोलिसांची कटकट नको म्हणून नातेवाईक तसं सांगतात आणि पुढं विमा कंपनीचा वकील नेमका तोच कागद कोर्टात काढतो. कोणत्या गाडीनं, कुठं, कसं झालं ते केसपेपरवर लिहून घ्या. फिर्यादीत गाडीचा नंबर आणि ट्रॉलीला दिवा नव्हता ही गोष्ट आली पाहिजे, पंचनाम्यातही आली पाहिजे. मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

२०२२ पासूनच्या नियमानुसार पोलिसांनी ४८ तासांत पहिला आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तो गेला का, हे ठाण्यात जाऊन विचारा. कधी कधी गुन्हा जखमीवरच दाखल होतो. तेवढ्यानं दावा बुडत नाही. साक्षीदार असेल तर दोष वाटून धरला जातो आणि जखमीच्या वाट्याची रक्कम कापून बाकीची मिळते.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे आपल्याकडं जिल्हा न्यायालयात, कलम १६६ खाली दाखल होतो. अपघात पुण्यात झाला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा टाकता येतो. कायद्यातली मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे. पायातला रॉड निघेपर्यंत थांबू नका, पुढची बिलं नंतर जोडता येतात.

रक्कम कशी ठरते? औषधपाणी, येण्याजाण्याचा खर्च, बुडालेली मजुरी, सोसलेला त्रास हे सगळं धरतात. कायमचं अपंगत्व आलं तर कमाई किती घटली ते बघतात. समजा वय ३८, महिना कमाई १२ हजार आणि कमाईत ४० टक्के घट. वर्षाचे १ लाख ४४ हजार, त्याचे ४० टक्के ५७ हजार ६००. या वयाला गुणक १५, म्हणून ८ लाख ६४ हजार. आता वर बैठकीत मिळालेले वीस-पंचवीस हजार आठवा.

दाखल्यावरचा टक्का आणि कमाईतली घट एकच नसते. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलंय. गुडघा वाकत नसेल तर दुकानात बसणाऱ्याचं भागेल, पण दारं धरणाऱ्याचं आणि ऊस तोडणाऱ्याचं काय? तुमचं काम नेमकं काय होतं, ते साक्षीत खुलासेवार सांगा. दाखला देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष होईल हे वकिलाकडून बघून घ्या.

शेतकऱ्याला पगाराची स्लिप नसते. सातबारा, उसाची बिलं, दूध डेअरीच्या पावत्या, बँकेचं पासबुक द्या. 'जमीन जागेवर आहे, मग उत्पन्न कुठं बुडालं?' असं विमावाले विचारतातच. त्याला उत्तर एकच, तुमच्या जागी गडी लावावा लागला. त्याला दिलेल्या पैशांची नोंद ठेवा.

धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही तर गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यूला २ लाख मिळतात. त्याचा अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात करायचा.

वकिलाबद्दल एक सांगायचं. 'मिळतील त्यातले इतके टक्के' असा सौदा वकिलांच्या नियमांत बसत नाही. फी आधी ठरवा. कोऱ्या चेकवर किंवा बँकेच्या कोऱ्या स्लिपवर सही करू नका. परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडं अर्ज करा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.