बिनडोळ्यांच्या माशाचं घराणं

शोभेच्या माशांमध्ये ब्लाइंड केव्ह टेट्रा नावाचा एक मासा मिळतो. रंग गुलाबीसर फिका, लांबी दोन-तीन इंच आणि डोळ्यांच्या जागी नुसती कातडी. तरी तो टाकीच्या काचेवर आपटत नाही. अंगावरच्या बारीक संवेदी गाठींना पाण्याची हालचाल कळते आणि तेवढ्यावर तो वाट काढतो.

त्याचं मूळ गाव मेक्सिकोच्या सान लुईस पोतोसी राज्यातली 'कुएवा चिका' ही गुहा. १९३६ साली साल्वादोर कोरोनाडो यांनी तिथले मासे पकडले. ते डॅलसच्या बेसिल जॉर्डन या मत्स्यविक्रेत्याकडे पोचले आणि त्याच वर्षी कार्ल हब्ज व विल्यम इनेस यांनी जॉर्डनच्या नावावरून या माशाला शास्त्रीय नाव दिलं. मासा टाकीत रुळला, अंडी घालू लागला आणि पुढे व्यापाराबरोबर देशोदेशी गेला.

बारसं झालं तेव्हा तो अगदी वेगळ्या वंशाचा मानला गेला होता. पण १९४० मध्ये चार्ल्स ब्रेडर यांची मोहीम गुहेत उतरली, तेव्हा तिथे आंधळे, डोळस आणि अधल्यामधल्या डोळ्यांचे असे सगळेच मासे एकत्र सापडले. बाहेरच्या नदीतल्या रुपेरी, डोळस टेट्राशी त्यांची सोयरीक होती. आज दोघांची जात एकच मानतात.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो त्याचा अंड्यातला प्रवास. गर्भात डोळा घडायला लागतो, भिंगही तयार होतं. मग भिंगाच्या पेशी मरू लागतात, डोळ्याची वाढ खुंटते, तो खोबणीत खचतो आणि वरून कातडी येते. २००० साली योशियुकी यामामोतो आणि विल्यम जेफरी यांनी नदीतल्या माशाच्या गर्भाचं भिंग गुहेतल्या माशाच्या गर्भात बसवलं, तर डोळा चांगला मोठा झाला! म्हणजे डोळा घडवण्याची बरीचशी तयारी त्याच्यात अजून शाबूत आहे. म्हणून 'बिचारा' हा शब्द या माशाला लावायला मी तयार नाही.

अशा माशांच्या गुहा मेक्सिकोत तीसेक आहेत, आणि डोळे जाण्याची घटना त्यांत एकापेक्षा जास्त वेळा, स्वतंत्रपणे घडली आहे. प्रत्येक ठिकाणी बिघडलेली जनुकं सगळी तीच नाहीत. २००८ साली रिचर्ड बोरोव्स्की यांनी दूरदूरच्या गुहांमधल्या आंधळ्या माशांचा संकर केला. एकाकडे जे बिघडलं होतं ते दुसऱ्याकडे धड होतं, आणि त्यांच्या काही पिल्लांना दिसू लागलं.