एका पत्रातली फातिमा आणि शाळेच्या किल्ल्या

२०२४च्या जूनमध्ये आमच्या उर्दू प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकांची बदली झाली आणि सेवाज्येष्ठतेनं चार्ज माझ्याकडे आला. चार्ज म्हणजे किल्ल्यांचा जुडगा, पोषण आहाराच्या तांदळाचा साठा, कपाटभर रजिस्टरं आणि ऑनलाइन माहिती भरण्याचे पासवर्ड. बी.एड.ला 'शालेय व्यवस्थापन' शिकताना आम्ही नेतृत्वाचे प्रकार पाठ केले होते. स्वयंपाकीण आली नाही आणि त्याच दिवशी केंद्रप्रमुख आले तर काय करायचं, हे मात्र त्या पुस्तकात नव्हतं.

ऑक्टोबरात मला टायफॉइड झाला. अठरा दिवस मी घरी पडून होते. परत आले तेव्हा शाळा जशीच्या तशी चालू होती. माझ्याहून दहा वर्षांनी लहान असलेल्या सहकारी बाईंनी आपला दुसरीचा वर्ग सांभाळून माझा वर्ग घेतला होता, खिचडीचा हिशेब ठेवला होता आणि रात्री घरी बसून मोबाइलवर माहिती भरली होती. मला त्रास नको म्हणून एक फोनही केला नव्हता. मी "जज़ाकल्लाह" म्हटलं आणि कामाला लागले. तेवढ्यावरच विषय संपला, असं मला वाटलं.

जानेवारीत सावित्रीबाईंच्या जयंतीनंतर आठवडाभरानं सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "आपा, फातिमा शेख खरंच होती का? मोबाइलवर म्हणतात ती कुणीतरी बनवलेली आहे." त्याच सुमारास समाजमाध्यमांवर तसा दावा झाला होता आणि घराघरात पोचला होता. जिच्या नावानं आम्ही मुलींना भाषणं पाठ करायला लावतो, ती नव्हतीच असं कुणी म्हटलं तर मुलीनं काय समजायचं? मी तिला म्हटलं, उद्या सांगते. रात्री सावित्रीबाईंची पत्रं पुन्हा काढून वाचली.

आधी थोडी पार्श्वभूमी. सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१चा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. १८४०मध्ये जोतीरावांशी लग्न झालं. १८४८मध्ये पुण्यात बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, तेव्हा बाईंचं वय अवघं सतरा. १८५२पर्यंत पुण्यात मुलींच्या तीन शाळा झाल्या. त्या वर्षी विश्रामबागवाड्यात सरकारी शिक्षण खात्यातर्फे जोतीरावांचा सत्कार झाला. पण या शाळा काही एका माणसाच्या जिद्दीवर उभ्या राहिल्या नव्हत्या. जोतीरावांनी अहमदनगरला मिस फॅरार यांच्या मुलींच्या शाळा पाहिल्या होत्या. सावित्रीबाई घरी शिकल्या आणि नंतर त्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षणही घेतलं. म्हणजे पहिली मुख्याध्यापिका अंगी दैवी गुण घेऊन आली नव्हती. कुणीतरी तिला शिकवलं होतं आणि शिकवायचं कसं हेही शिकवलं होतं. सखाराम परांजपे आणि सदाशिव गोवंडे यांच्यासारखे मित्र पाठीशी होते. जोतीरावांना वडिलांचं घर सोडावं लागलं तेव्हा उस्मान शेख यांनी आसरा दिला, अशी आठवण पुण्यात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते.

आता ते पत्र. तारीख १० ऑक्टोबर १८५६. सावित्रीबाई आजारी पडून माहेरी नायगावला आल्या आहेत आणि तिथून जोतीरावांना लिहीत आहेत. भाऊ आजारपणात सेवा करतो आहे, पण बहिणीच्या कामावर नाराज आहे. महार-मांगांना शिकवून तुम्ही नवरा-बायको वाळीत पडलात, असं तो ऐकवतो. ही त्याला शांतपणे उत्तर देते. भाऊ अखेर ओशाळतो. अंथरुणावरही ही बाई शाळेचीच बाजू मांडते आहे.

आणि त्याच पत्रात, बरं वाटताच पुण्याला येते हे कळवताना, ती फातिमाची आठवण काढते. माझ्या गैरहजेरीत फातिमाला जास्त त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचं ते वाक्य आहे. नाव नुसतं 'फातिमा', पुढे आडनाव नाही. स्तुतिपर विशेषणं नाहीत.

मी हे पत्र पूर्वीही वाचलं होतं. पण टायफॉइडमधून उठल्यावर वाचलं तेव्हा ते मला मुख्याध्यापिकेचं पत्र वाटलं. आपण नसताना कुणाच्या अंगावर काम पडलं आहे हे तिला नेमकं ठाऊक आहे. त्या व्यक्तीचा स्वभाव ठाऊक आहे. आणि ते ती लिहून ठेवते. आजारी असताना मी विचार केला तो फक्त राहिलेल्या रजिस्टरांचा.

इथे आपल्या लोकांना एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. फातिमाबद्दल आपण बरंच काही रचलं. जन्मतारीख ठरवून जयंती साजरी केली, संवाद लिहिले, प्रसंग रंगवले. प्रेमापोटी केलं, पण या रंगकामामुळेच संशय घेणाऱ्यांचं काम सोपं झालं. ते एकेक रंग खरवडतात आणि शेवटी म्हणतात, बघा, खाली काहीच नाही. खाली काहीतरी आहे. एक वाक्य आहे. पहिल्या मुख्याध्यापिकेनं आपल्या सहकारिणीबद्दल लिहिलेलं. ते वाक्य मला पुरतं. तुम्हालाही पुरावं.

शाळांचं पुढे काय झालं तेही पाहू. १८५७च्या उठावानंतर देणग्या आटल्या आणि हळूहळू जोतीराव शाळांच्या व्यवस्थापनातून बाजूला झाले. पण प्राथमिक शिक्षकाचा विचार त्यांनी सोडला नाही. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांनी हंटर शिक्षण आयोगाला निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी समाजातला आणि प्रशिक्षित असावा, त्याला किमान १२ रुपये पगार असावा, मोठ्या गावात १५ ते २० द्यावा, गावच्या कारभारात त्याला मानाचं काम द्यावं, असं त्यात आहे. निरीक्षक वर्षातून एकदा येऊन उपयोग नाही, तीन महिन्यांनी तरी यावं आणि न सांगताही यावं, हेही आहे. चांगला मुख्याध्यापक कशावर टिकतो, याचं उत्तर यात मिळतं. प्रशिक्षण, पोटापुरता पगार, गावात किंमत आणि कामाकडे खरोखर लक्ष देणारा वरिष्ठ. नुसत्या त्यागाची अपेक्षा जोतीरावांनी कुणाकडून केली नाही.

त्याच निवेदनात आपल्याबद्दलही एक निरीक्षण आहे. मुसलमान या शाळांपासून दूर राहतात, त्यांना मराठीची किंवा इंग्रजीची आवड दिसत नाही, असं जोतीराव नोंदवतात. वाचताना टोचतं. पण मी रोज दोन्ही भाषा शिकवते आणि ते पूर्ण खोटं होतं असं म्हणणार नाही. आज आमच्या वर्गातल्या मुली मराठीत निबंध लिहितात. पण मराठीच्या तासाला "आपा, याचा काय फायदा" विचारणारे पालक अजून आहेत. त्यांना मी सांगते, फातिमा आहे याचा पुरावा मराठीत आहे. मराठी येत नसेल तर उद्या आपल्याच बाजूनं बोलायला आपल्याकडे भाषा उरणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला पत्र वाचायला दिलं. तिनं बोट ठेवून ती ओळ शोधली, दोनदा वाचली आणि विचारलं, "एवढंच?" मी म्हटलं, हो, एवढंच. आणि हे एवढंसुद्धा सावित्रीबाईंनी लिहिलं म्हणून उरलं.

मग मधल्या सुट्टीत शाळेचं लॉगबुक काढलं. ऑक्टोबरातल्या त्या अठरा दिवसांची पानं कोरी होती. आजची तारीख घालून मी लिहिलं, की मुख्याध्यापक रजेवर असताना शाळेचा सर्व कारभार अमुक शिक्षिकेनं आपला वर्ग सांभाळून पाहिला. पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. खाली सही केली आणि शिक्का मारला. बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "आपा, याची काय गरज होती? तीन महिने झाले."

मी म्हटलं, उशीर झाला, माफ करा.